लाल तोंडाचं प्रकरण

१

रविवारी सकाळी दात घासायला बेसिनपाशी गेले, तर आरशात एक टोमॅटो हातात ब्रश घेऊन उभा होता.

टोमॅटोच्या डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल होते. ओठांभोवती तसाच एक. बाकी कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळं लालभडक आणि फुगलेलं. खाज तर अशी की भिंतीवर तोंड घासावंसं वाटत होतं.

"आई!"

आई आली. पण तिची नजर आधी बेसिनवर गेली. "किती वेळा सांगितलं, टूथपेस्ट मधोमध दाबू नये म्हणून," असं म्हणत ती ट्यूब शेपटाकडून गुंडाळायला लागली. मग तिनं मान वर केली आणि ट्यूब तिच्या हातातून खाली पडली.

"अगं! हे काय करून घेतलंस?"

लक्षात घ्या, 'काय झालं' नाही. 'काय करून घेतलंस.'

मला लहानपणापासून एक्झिमा आहे. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांमागे, आणि पूर्वी तोंडावरही असायचा. त्यामुळे अनोळखी बायका थांबवून मला कोरफड, लिंबू, दुधाची साय आणि सकाळी उठून धावणं, असं काहीही सुचवतात. एका काकूंनी तर "राग कमी कर, रक्त साफ होईल," असंही सांगितलं होतं. तेव्हापासून माझा राग वाढलाय.

पण गेल्या वर्षी नवीन डॉक्टरीणबाई मिळाल्या आणि तोंड साफ झालं. खरंच साफ! मी वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागले, वादविवाद स्पर्धेत उतरले, आणि घरात जाहीर केलं की यापुढे माझं मलम मीच लावणार, आईनं मागे लागायचं नाही. मग एकच हौस उरली होती. वर्गातल्या सगळ्यांनी केलेलं आणि मी कधीच न केलेलं फेशियल.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, पार्लरमध्ये काम करते. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, काय चालेल आणि काय नाही ते समजून घेतलं, वाफ नाही, स्क्रब नाही, वासाचं काही नाही असं ठरवलं, आणि शनिवारी दुपारी माझं फेशियल केलं. एक तासभर कुणीतरी माझ्या तोंडाला हात लावत होतं आणि 'अरेरे' म्हणत नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छान तास होता तो.

आणि आता हा टोमॅटो.

मी बर्फाचा रुमाल तोंडाला लावून बसले होते तेवढ्यात आईनं पार्लरला फोन लावला. मावशीला नाही हां, थेट मालकीणबाईंना. दार बंद असूनही तिचा आवाज शेजारच्यांना ऐकू गेला असणार.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिचा आवाज भिजलेल्या कापसासारखा लागत होता.

"भोपू, बरं आहे का गं आता?" मावशी मला भोपू म्हणते, कारण मला हळू बोलता येत नाही. "मालकीणबाईंनी एप्रन ठेवून जायला सांगितलंय. पुढच्या सोमवारी दुसरी मुलगी येतेय माझ्या जागी."

२

सोमवारी मला शाळेत जायचंच नव्हतं, पण दिवसभर घरी बसून 'खाजवू नकोस' ऐकण्यापेक्षा मी मावशीकडे गेले. तोंडाला स्कार्फ बांधला होता. बसमध्ये एक आजोबा माझ्यापासून दोन सीट लांब सरकले. मी त्यांना सांगणार होते की हे पसरत नसतं, पण त्यांचा स्टॉप आला.

मावशीची खोली एवढीशी आहे. खिडकीत तिनं आपले ब्रश धुऊन वाळत घातले होते. कामच नसताना ब्रश धुणारा माणूस किती अस्वस्थ असेल ते तुम्हीच समजा.

"आता रडायचं नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून सांग. काय काय लावलंस?"

"तू काय वकील आहेस?"

"वादविवादात दुसरी आलेय."

तिला थोडं हसू आलं. मग तिनं बोटांवर सांगितलं. आधी साध्या क्रीमनं क्लिन्झिंग, तोंड आणि मानेला, पापण्यांनाही. मग त्याच क्रीमचा मसाज, कपाळापासून मानेपर्यंत. मग पॅक, नाजूक त्वचेसाठीचा, फुलांच्या अर्काचा. मग तेच क्रीम परत.

"पॅक मानेला लावलास?"

"नाही. हनुवटीपर्यंतच. आणि डोळे, ओठ सोडून. तो नियमच असतो."

"वेळ जास्त झाला असेल?"

"टायमर लावला होता. आणि जास्त वेळ ठेवून भाजलं असतं, तर तिथेच चरचरलं नसतं का? तू घोरत होतीस, भोपू."

"मी घोरत नाही."

"बाजूच्या खुर्चीवरची बाई हसत होती."

हा आरोप मी तात्पुरता बाजूला ठेवला. "स्वतःचं काही मिसळलंस? घरी केलेलं?"

मावशीनं हातातला ब्रश खाली ठेवला. "तूसुद्धा?" ती म्हणाली. "ताई तेच म्हणते, मालकीणबाई तेच म्हणतात. अगं, मी डॉक्टरला विचारलं. तुझ्या कोपरावर पॅच टेस्ट केली. पेनानं गोल काढून त्यात पॅकचा ठिपका लावला, वर पट्टी चिकटवली, दोन दिवस थांबले. पार्लरमध्ये कुणी एवढं करतं का? आणखी काय करायला हवं होतं मी?"

ते खरंच होतं. गुरुवारी टेस्ट केली तेव्हा तिनं बजावलं होतं, कोपराला काही लावायचं नाही. मी दोन्ही रात्री त्या हाताला मलम लावलं नव्हतं. शनिवारी तिनं खिडकीच्या उजेडात कोपर वळवून वळवून बघितलं होतं, आणि कोपर अगदी शहाण्या मुलासारखं गुळगुळीत होतं.

"तेव्हा काहीच विचित्र नव्हतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. पट्टीची कड जरा सुटली होती आणि पेनाचा गोल फिसकटला होता. म्हटलं, आंघोळीत झालं असेल."

मी मान हलवली आणि निघाले. दारात मावशी हळूच म्हणाली, "ही नोकरी गेली तर दुसरीकडे कुणी घेणार नाही गं. पार्लरवाल्या सगळ्या एकमेकींना ओळखतात. बहिणीच्या पोरीचं तोंड जाळलं, एवढंच पोचेल सगळीकडे."

३

पार्लरच्या काचेच्या दारातून आत शिरले तर ड्रायरचा आवाज, मेणाचा वास आणि डोक्यात चांदीच्या कागदाच्या पट्ट्या लावून बसलेली एक बाई. मी स्कार्फ काढला. बाईनं मासिक तोंडासमोर धरलं.

"अगं, आत ये, आत ये," मालकीणबाई धावतच आल्या आणि मला पडद्यामागे घेऊन गेल्या. काळजीनं नाही. मी बाहेरून दिसू नये म्हणून. "आईनं पाठवलंय का? मी सांगितलंय त्यांना, ती बाई आता इथे नाही."

"ती बाई माझी मावशी आहे."

"हो ना, तेच तर! घरचं गिऱ्हाईक म्हटलं की हात सैल सुटतो. काहीतरी घरगुती कालवलं असणार तिनं. आमच्याकडे आजवर असं झालेलं नाही."

"खरंच कधीच नाही?"

"झालं असलं तरी कुणी असं येऊन दाखवलेलं नाही," मालकीणबाई म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून गेल्या.

पडद्यामागे टॉवेलांच्या घड्या घालत झटपट बसली होती. ती मावशीबरोबर काम करणारी मुलगी. भुवया, वॅक्सिंग, जेवण, सगळंच ती इतक्या घाईत करते की सगळे तिला झटपटच म्हणतात. मला बघताच ती उठून उभी राहिली.

"माझा काही संबंध नाही हां," ती म्हणाली.

मी अजून काही विचारलंच नव्हतं. मला आत आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रहस्यकथेत जी व्यक्ती विचारण्याआधी नाही म्हणते, तिनंच केलेलं असतं!

"कशाशी संबंध नाही?"

झटपटचे डोळे भरले. "टॉवेलशी. मॅडमना सांगू नकोस. तुझ्या मावशीनं सांगितलं होतं, तुझे टॉवेल साध्या पाण्यातून वेगळे काढ म्हणून. मी विसरले गं. सगळ्यांबरोबर त्या वासाच्या पाण्यात घातले. आणि तिला सांगितलंही नाही."

मी एक टॉवेल उचलून नाकाशी नेला. नुसता वासाचा भपकारा. शिंका आली. झालं! सापडलं! मी टॉवेल हातात घेऊन पडद्याबाहेर पडणार, तेवढ्यात समोरच्या आरशात माझंच तोंड दिसलं. डोळ्यांभोवती दोन गोल. ओठांभोवती एक.

मी तिथेच थांबले.

"झटपट, टॉवेल कुठे कुठे गुंडाळला होता?"

"केसांवर. आणि मानेभोवती, खांद्यापर्यंत."

माझी मान स्वच्छ होती. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेलाही काही नव्हतं. ज्या जागी टॉवेल तासभर होता तिथे शांतता, आणि जिथे तो लागलाही नाही तिथे आग. वासाच्या पाण्यानं घात केला असता तर आधी मान लाल झाली असती. क्लिन्झिंग आणि क्रीमही मानेला आणि पापण्यांना लागलं होतं, तेही सुटलं. डोळे सोडून, ओठ सोडून, हनुवटीपाशी थांबणारी गोष्ट एकच होती.

पॅक. माझ्या तोंडावर पॅकचाच नकाशा छापलेला होता.

झटपटनं नाक पुसलं. "पण पॅक तर तुझ्या आधी कुणालाच लावला नव्हता. नवीन पाकीट फोडलं होतं. आणि तुझ्या मावशीची पद्धत माहितीये ना? टेस्टसाठी फोडलेलं पाकीट ती पार्लरमध्ये ठेवतच नाही. दुसरी कुणी वापरेल, कुणी काही मिसळेल म्हणून. पाकिटाच्या तोंडाला चिकटपट्टी लावून क्लायंटच्याच हातात देते."

मी टॉवेल खाली ठेवला. पाकीट मला दिलं होतं. गुरुवारपासून शनिवारपर्यंत ते आमच्या फ्रीजमध्ये होतं.

४

आमच्या घरात मी आणि आई दोघीच. बाबा कामासाठी दुसऱ्या गावी असतात. म्हणजे मला वगळलं तर संशयित एकच उरत होती, आणि ती ओट्यापाशी कांदा चिरत होती.

"आई, फ्रीजमध्ये माझ्या डब्यात एक चंदेरी पाकीट होतं. बघितलंस?"

"बघितलं. सॉसचं असेल म्हटलं. का?"

"हात लावलास?"

"फ्रीज माझा, हातही माझेच." सुरी थांबली. "ते काय होतं?"

मी सांगितलं. आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. फेशियलचं आईला आम्ही शनिवारी, ऐन निघताना सांगितलं होतं. टेस्टचं तर सांगितलंच नव्हतं. आधी सांगितलं असतं तर तिनं जाऊच दिलं नसतं. त्यामुळे आता ती चवताळली.

"म्हणजे दोघी मिळून गुरुवारपासून माझ्या पाठीमागे उद्योग करत होतात? आणि वर माझ्यावर संशय? मी माझ्याच पोरीच्या पाकिटात तिखट कालवीन होय?"

"मी तसं म्हणाले का?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या!"

"माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते आख्ख्या बसनं वाचलंय!"

मी खोलीत जाऊन दार आपटलं आणि मावशीला फोन केला. पाकीट परत आणलं तेव्हा त्याची चिकटपट्टी कशी होती? तिनं लगेच सांगितलं. तिनं अर्धी पट्टीवर, अर्धी पाकिटावर अशी सही केली होती, आणि ती सही तुटलेली नव्हती. ती नेहमी बघते.

म्हणजे आई सुटली. पण कोडं आणखी घट्ट झालं. पाकीट तेच, पॅक तोच, कातडी माझीच. हातावर लावला तर ढिम्म काही नाही, आणि तोंडावर लावला तर वणवा. असं कसं?

"तोंडाची कातडी नाजूक असते गं," मावशी थकून म्हणाली. "तुझी जास्तच. जाऊ दे, भोपू. सोड आता."

तुझी कातडीच तशी! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कुणी म्हणालं की माझे कान आपोआप बंद होतात. पाहुणे म्हणतात, शिक्षिका म्हणतात, केमिस्ट म्हणतो. आणि आता खुद्द मावशी म्हणत होती. नोकरी तिची जात होती आणि शेवटी आरोपी माझी कातडी ठरत होती. मी उशी भिंतीवर फेकली. मग ती उचलून परत फेकली.

कातडी काही उगीच चिडत नाही. तिला कुणीतरी चिडवतं. आणि हे जर खरं असेल, तर गुरुवार ते शनिवार ती चिडली का नाही?

५

मंगळवारी शाळेतून आले तेव्हा कोपर वळवळायला लागलं होतं. तोंडाच्या भानगडीत हाताचं मलम दोन दिवस राहूनच गेलं होतं. मी कपाटातून ट्यूब काढली, टोपण उघडलं, दाबली.

आणि दाबता दाबता थांबले.

ट्यूब शेपटाकडून गुंडाळलेली होती. अगदी घट्ट, नीट, इस्त्री केल्यासारखी सपाट.

मी आजवर कुठलीच ट्यूब शेपटाकडून दाबलेली नाही. टूथपेस्ट नाही, गोंद नाही, रंग नाही. आमच्या घरात असं दाबणारी व्यक्ती एकच आहे. पण माझं मलम तर मीच लावते! जाहीर केलं होतं ना मी? मग आईनं ही ट्यूब कशाला हातात घेतली?

मी ट्यूब टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. पट्टीची कड सुटली होती, मावशी म्हणाली होती. पेनाचा गोल फिसकटला होता. पण मी दोन्ही दिवस आंघोळीत तो हात पाण्याबाहेर ठेवला होता! पाण्यानं नाही फिसकटला गोल. तेलकट बोटानं फिसकटला.

मग मी स्वतःला अगदी बावळट प्रश्न विचारला. हे मलम करतं काय? लाल झालेलं शांत करतं. खाज थांबवतं. सूज बसवतं. चिडलेल्या कातडीला गप्प बसवणं हेच तर त्याचं काम!

माझ्या कोपरानं शनिवारी काही सांगितलं नाही, कारण त्याला काही सांगूच दिलं नव्हतं. साक्षीदार फितूर झाला होता. आणि त्याला फितूर करणारी व्यक्ती बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होती.

६

"आई, मी झोपल्यावर तू माझ्या हाताला मलम लावलंस?"

आईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"झोपेत करकरा खाजवत होतीस," ती म्हणाली. "गुरुवारी पण, शुक्रवारी पण. दुसऱ्या हाताला रक्त येईल असं. जागेपणी तर हातच लावू देत नाहीस हल्ली. मोठी झालीस. म्हटलं, झोपेत तरी लावू दे."

"उजव्या हाताला पट्टी होती ना?"

"होती की. कसलं तरी प्लास्टर आणि पेनानं काहीतरी गिरगटलेलं. तू हातावर रोजच काहीतरी गिरगटत असतेस. मी पट्टी उचलली, शुक्रवारी खाली जरा लाल दिसलं, म्हणून तिथे थोडं जास्तच लावलं. परत चिकटवून टाकली. का गं?"

खाली जरा लाल दिसलं! शुक्रवारीच कोपर ओरडायला लागलं होतं. त्यानं वेळेवर, खणखणीत साक्ष दिली होती, आणि माझ्या आईनं प्रेमानं त्याचं तोंड दाबलं होतं.

मी सगळं सांगितलं. आईनं मध्ये एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि मला वाटलं होतं तसं जिंकल्यासारखं काही वाटेना. इतकी धावपळ, इतके जबाब, आणि शेवटी गुन्हेगारच नाही! एकीनं काळजीनं टेस्ट केली, दुसरीनं काळजीनं मलम लावलं, आणि दोघींच्या काळजीत माझं तोंड भाजून निघालं. कुणावर चिडायचं? चिडायला कुणीतरी हवं ना!

"आणि मी तिची नोकरी घालवली," आई म्हणाली.

"तू मॅडमना फोन कर, सांग."

"त्या म्हणतील, बहिणीला वाचवायला गोष्ट रचली." आईनं टीव्ही बंद केला. "मीसुद्धा हेच म्हणाले असते."

ती खरं बोलत होती. मला पुरावा हवा होता.

७

डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड बघितलं, मग माझी थिअरी ऐकली, मग चष्मा काढून परत माझ्याकडे बघितलं.

"पॅच टेस्टच्या जागी स्टिरॉइडचं मलम लावलं तर टेस्ट खोटी पडते," त्या म्हणाल्या. "हे मी तुझ्या मावशीला सांगितलं होतं. तुझ्या आईला कुणी सांगितलं नाही. आणि खरं म्हणजे कोपर ही तुझ्यासाठी जागाच चुकीची. तिथे तू कायम मलम लावतेस, आदल्या आठवड्याचंही थोडंफार मुरलेलं असतं. दंडावर बाहेरच्या बाजूला करायला हवी होती."

"मग आता करून बघू? दोन्हीकडे?"

"तोंड अजून पुरतं शांत नाही. पण तू घरी जाऊन गुपचूप करशील, असं तुझ्या तोंडावर दिसतंय."

माझ्या तोंडावर काय काय दिसतं लोकांना!

मावशीकडून आणलेला उरलेला पॅक त्यांनी स्वतःच्या हातानं लावला. एक छोटासा ठिपका दंडावर, जिथे मलम कधीच लागलं नव्हतं. एक कोपरावर, आणि कोपराचं मलम नेहमीसारखं चालू ठेवायला सांगितलं. "घरात हे असले प्रयोग करायचे नाहीत," त्यांनी तीनदा बजावलं. आईनं चारदा मान हलवली.

शनिवारी आम्ही तिघी पार्लरमध्ये गेलो. मावशी येतच नव्हती. आईनं तिचं मनगट धरून तिला आणलं, लहानपणी शाळेत ओढत न्यायची तसं. रस्ताभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण आईनं मनगट सोडलं नाही.

पार्लर भरलेलं होतं. मालकीणबाई पडदा सरकवायला धावल्या. मी पडद्यामागे गेले नाही. खोलीच्या मधोमध, सगळ्या दिव्यांखाली उभी राहिले आणि बाही वर केली.

दंडावर बटणाएवढा लाल, उठलेला गोल होता. त्याच हाताच्या कोपरावर, त्याच पॅकखाली, काहीही नव्हतं.

"पॅक एकच," मी म्हणाले. मला हळू बोलता येत नाही हे आधी सांगितलंय. ड्रायरसुद्धा बंद झाला. "कोपराला मलम आहे, म्हणून गप्प. दंडाला नाही, म्हणून बोलतोय. मावशीनं टेस्ट बरोबर केली होती. टेस्टवर मलम लागलं."

"कुणी लावलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच आई बोलली.

"मी लावलं. तक्रार माझी होती आणि चूकही माझीच. हिला यातलं काहीच माहीत नव्हतं." 'हिला' म्हणताना तिनं मावशीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी रडल्या असत्या.

मालकीणबाईंनी माझा दंड उजेडाकडे वळवून बघितला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, पटलं मला. सगळं पटलं. पण तुम्ही त्या दिवशी फोनवर किती ओरडलात! समोर चार बायका बसल्या होत्या. त्या सगळीकडे बोलल्या. आता मी हिला खुर्चीमागे उभी केली, तर तिच्या हाताखाली बसणार कोण? कारण कुणी विचारत नाही हो. लोकांना तोंड तेवढं लक्षात राहतं."

मला रडूच फुटणार होतं. एवढं सिद्ध करून उपयोग काय? पुरावा समोर आहे, पटलाय, आणि तरीही उत्तर तेच!

आई मात्र माझ्यासारखी भांडली नाही. तिनं पर्स माझ्या हातात दिली. केसांतला क्लिप काढला, तोही माझ्या हातात दिला. आणि जिनं जन्मात कधी पार्लरच्या खुर्चीला पाठ टेकवली नाही, जिच्या मते फेशियल म्हणजे नसते चोचले, ती माझी आई मधल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. सगळ्यांच्या समोर. मान मागे टाकून, डोळे घट्ट मिटून, दात काढायला आल्यासारखी.

"माझं करा," ती छताला म्हणाली. "फेशियल. जे काय असतं ते सगळं. पण हिच्याच हातून. दुसरीनं हात लावला तर मी उठून जाईन, आणि यावेळी रस्त्यावर उभी राहून ओरडेन."

कुणीतरी हसलं. भुवया करून घेत असलेली बाई झटपटला म्हणाली, "थांब गं जरा, मला बघू दे."

मालकीणबाई एकदा आईकडे, एकदा त्या बायकांकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मावशीचा एप्रन होता.

मावशीनं तो बांधला. गाठ दोनदा चुकली. मग ती खुर्चीमागे आली, हात धुतले, पुसले, आणि आईच्या डोक्यावर वाकली.

"टेस्ट केल्याशिवाय पॅक लावणार नाही," ती म्हणाली. "आज नुसतं क्लिन्झिंग आणि मसाज. ताई, अंगाला कुठे काही मलम लावतेस का?"

"नाही."

"नक्की? गुडघ्याला?"

"ते दुखण्याचं आहे."

"म्हणजे लावतेस. किती दिवस झाले?"

"सगळ्यांसमोर काय विचारतेस गं," आई डोळे न उघडता पुटपुटली. पण तिनं सांगितलं. मावशीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मगच पहिल्यांदा तिच्या कपाळावर हात ठेवला.